अर्थिंगची ओळ

मोबाइलवर नाव दिगूदादाचंच आलं होतं, म्हणून मी फोन कापला. हे आधीच कबूल करून टाकतो. मंगळवारची सकाळ, साडेअकराची वेळ, आमच्या विमा कचेरीत मोठ्या साहेबांसमोर आम्ही सगळे वह्या उघडून बसलेलो. त्या वेळेला दिगूदादाचा फोन यायचा तो बहुधा एकाच कारणासाठी. "मध्या, गीझर बंद करून निघालास का?" पंचावन्न वर्षांच्या, केस विरळ झालेल्या, हाताखाली अकरा माणसं असलेल्या मध्याला हा प्रश्न साहेबांसमोर नको होता. कापला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बाहेर व्हरांड्यात आलो आणि जरा तोऱ्यातच म्हटलं, "बोल दादा, पटकन बोल."

पलीकडे दादा नव्हता. युसूफभाई होता, दादाचा तीस वर्षांपासूनचा मिस्त्री. म्हणाला, "मधू साब... भाई नहीं रहे." मी म्हटलं, "दादाला फोन द्या." मी पुन्हा म्हटलं, "अहो, फोन द्या ना त्याला." ज्याचं नाव समोर दिसतंय, ज्याच्या फोनवरून आवाज येतोय, तो माणूस त्याच खोलीत आहे आणि तरी फोनवर येऊ शकत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. तीन आठवडे झाले. अजून नीट शिरलेलं नाही.

तेव्हापासून जो भेटतो तो आधी हेच विचारतो, "शॉक लागला का हो?" इलेक्ट्रिकचा कॉन्ट्रॅक्टर गेला म्हटलं की लोकांना दुसरं सुचत नाही. नाही, शॉक नाही. चाळीस वर्षं विजेशी खेळला, पण विजेनं त्याला बोट लावलं नाही. आमच्या हैदराबादेत, तार्नाक्याच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये भिंतींवर खडूनं खुणा करत होता. पहिली खोली झाली, दुसरीत गेला, तिथे तीन खुणा केल्या आणि म्हणाला, "युसूफ, चाय आने तक बैठता मैं." वायरच्या बंडलांचा ढीग होता, त्यावर बसला. "बैठे सो बैठेच रै गए, साब," युसूफभाई सांगत होता. चहा आला तेव्हा खडू हातात होता. वय चौसष्ट. ना ब्लडप्रेशर, ना साखर. आदल्या रविवारी आमच्याकडे जेवून, वर दोन केळी खाऊन गेला होता.

आणि मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. आठ वर्षं सांगायची होती. उप्पलला घर बांधलं तेव्हा मी वायरिंगचं काम त्याला न देता दुसऱ्याला दिलं, त्याच्याशी खोटं बोललो आणि वर वास्तुशांतीच्या दिवशी चारचौघांत त्याचा अपमान केला. या गणपतीत सांगू, या दिवाळीत सांगू, असं करत राहिलो. आता ऐकणारा नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

दिगूदादा म्हणजे दिगंबर, माझा आतेभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमचे आजोबा नांदेडकडची शेती भावांवर सोडून हैदराबादला आले आणि गौलीगुड्यात राहिले. पुढे सगळं गणगोत त्याच दोन-तीन गल्ल्यांत वाढलं. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की उर्दू, भाजीवालीशी तेलुगू. आणि दादाच्या तोंडी एकाच वाक्यात तिन्ही. जिन्याखालच्या कोनाड्यात त्याचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, एक शिडी आणि भिंतीला टांगलेली वायरची वेटोळी. मी कॉलेजात होतो तेव्हा त्याला एक शोध लागला : आपल्या मामेभावाचं अक्षर सुंदर आहे. झालं. तेव्हापासून त्याची सगळी एस्टिमेटं मी लिहायची. तो मोजायचा, मी लिहायचो. मोबदला म्हणजे उस्मानिया बिस्किटं आणि चहा. मला वाटायचं माझ्या अक्षरावरच त्याला कामं मिळतात. त्या वयात मला बरंच काही वाटायचं.

घराचं वायरिंग पॉइंटावर ठरतं हे तेव्हा कळलं. दिव्याचा एक पॉइंट, पंख्याचा एक, प्लगचा एक. जितके पॉइंट त्या हिशेबानं रक्कम. गिऱ्हाईक दारात पाऊल ठेवायच्या आधी विचारणार, "पॉइंट का कित्ता?" किंवा तेलुगूत, "पॉइंटकि एंतंडी?" दादा हसून म्हणायचा, "बताता ना जी, पहले घर तो देखने दो." बाकीचे कॉन्ट्रॅक्टर नकाशा टेबलावर पसरून पेन्सिलीनं टिंबं मारत आणि पाच मिनिटांत आकडा सांगत. हा मात्र प्लॅस्टर न झालेल्या घरात जायचा, खिशात खडू, बरोबर घरची सगळी माणसं. बाईंना म्हणायचा, "ताई, असं समजा की बाजारातून आलात, दोन्ही हातांत पिशव्या. आता दिवा लावा." बाई लाजत लाजत कोपर पुढे करायच्या. जिथे कोपर लागलं तिथे खडूची फुली. म्हातारं माणूस असेल तर त्याला पलंगाच्या जागी जमिनीवर निजायला लावायचा आणि हात वर करायला सांगायचा. एका तेलुगू आजोबांना असं निजवलं तर ते तिथेच झोपले, आणि आम्ही त्यांच्या भोवतीनं हळू आवाजात उरलेल्या खोल्या मोजल्या.

त्यातही भानगडी असतात. पंखा आणि त्याचा रेग्युलेटर हे दोन पॉइंट की एक? जिन्याचा दिवा खालूनही लागतो आणि वरूनही, तो किती धरायचा? बरेच जण दोन्हीकडे दोन धरत. दादा पंखा-रेग्युलेटर एकच धरायचा, पण जिन्याच्या दिव्यावर मात्र अडून बसायचा : तिथे वायर जास्त लागते, बटणं दोन लागतात, मग दोनच. आमच्या आत्याच्या घरी रविवारच्या जेवणाला या विषयावर जी भांडणं व्हायची तशी इस्टेटीवरून होत नाहीत. मी एकदा ऐटीत म्हणालो की दिवा एक म्हणजे पॉइंट एक. दादानं शांतपणे विचारलं, "मध्या, तुझ्या बायकोला माहेर एक, सासर एक. तिची घरं किती?" मला तेव्हा बायको नव्हती, तरी एस्टिमेटात मी दोन लिहिले.

आता अर्थिंगकडे येतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दादाचंच सांगणं : करंट कधीतरी वाट चुकतो, फ्रिजच्या पत्र्यात येतो, गीझरच्या टाकीत उतरतो. त्याला पळून जायला जमिनीपर्यंत एक मोकळा रस्ता हवा; त्या रस्त्यानं तो धावला की बोर्डातलं बटण आपोआप पडतं. म्हणून प्रत्येक प्लगपासून एक हिरवी वायर निघते, सगळ्या मेन बोर्डापाशी एकत्र येतात आणि तिथून अंगणातल्या एका खोल खड्ड्यात जातात. खड्ड्यात लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. हा रस्ता नसेल, तर करंट पत्र्याला हात लावणाऱ्या माणसातून जातो. एवढंच. गंमत अशी की हा खड्डा नसला तरी घर झकास चालतं. दिवे लागतात, पंखे फिरतात. कुणाला कळत नाही.

सुरुवातीला दादा एस्टिमेटमध्ये अर्थिंगची वेगळी ओळ लिहायला सांगायचा. पॉइंट इतके, मेन बोर्ड एक, आणि शेवटी अर्थिंग. हिमायतनगरच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी तो कागद चष्मा लावून वाचला आणि तांबड्या शाईनं शेवटची ओळ खोडली. "ये क्या, जमीन में पैसा गाड़ना?" दादानं समजावलं, ते हसले, दादा तरुण होता, काम हवं होतं, गप्प बसला. वर्षभरात त्यांच्या सुनेनं ओल्या हातानं पाण्याच्या मोटरला हात लावला. वाचली. पण उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी वळली नाहीत. दादा भेटायला गेला होता. त्या साहेबांनी त्याला एका शब्दानं दोष दिला नाही, उलट चहा दिला, आणि तो चहा त्या सुनेनंच डाव्या हातानं आणला... तिथून आल्यावर दादा चार दिवस नीट जेवला नाही. पाचव्या दिवशी मला बोलावलं. म्हणाला, "आजपासून अर्थिंगची ओळ लिहायची नाही."

"मग फुकट करून देणार?"

"फुकट कायकू? प्रत्येक पॉइंटात थोडं थोडं घालायचं. ओळ लिहिली म्हणून त्याला खोडता आली. दिसलीच नाही तर खोडणार कुठून?"

मी म्हटलं, "दादा, तुझा पॉइंटाचा भाव सगळ्यांपेक्षा जास्त दिसेल. कामं जातील."

"जाऊ देत ना. जी राहतील त्या घरांत खड्डा असेल."

हे त्यानं मला सांगितलं होतं. माझ्या हातात पेन होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, पण मला ते पक्कं माहीत होतं, एवढं कृपा करून लक्षात ठेवा.

कामं गेलीच. गौलीगुड्यातली इतर मंडळी दोन-तीन मजली झाली, दादा जिन्याखालीच राहिला. दादाची बायको, शालूवहिनी, कधी कधी चिडून म्हणायची, "लोकांच्या जमिनीत खड्डे करा, आपल्या छताला पडलेलं भोक राहू द्या." तो म्हणायचा, "हौ, ते पण करू." मी विम्यात लागलो, लग्न झालं, ईशा झाली, आणि आठ वर्षांपूर्वी उप्पलला लहानसा प्लॉट घेऊन मी घर काढलं. घर बांधणाऱ्या माणसाचं काय होतं हे ज्यानं बांधलं त्यालाच ठाऊक. सिमेंटच्या पोत्यापासून दाराच्या कडीपर्यंत प्रत्येक गोष्टीत आपण लुटले जातोय असं वाटायला लागतं. मी वायरिंगची तीन एस्टिमेटं मागवली, विमेवाल्याच्या शिस्तीनं तक्ता केला. त्यात दादाचा पॉइंटाचा भाव सगळ्यांत जास्त. भाऊ असून! मी सुमनला म्हणालो, "बघ, घरच्या माणसाकडूनसुद्धा..." सुमन म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "भाऊजी असं करणार नाहीत, काहीतरी असेल त्यात." काय असेल त्यात! तसा वाढीव भाव मीच कितीतरी कागदांवर लिहिला होता आणि माझ्याच ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं. एका संध्याकाळी ओझरतं आलं. पण तोवर मी स्वस्त कॉन्ट्रॅक्टरला शब्द दिला होता, आणि स्वतःला चूक म्हणण्यापेक्षा दादाला महाग म्हणणं सोपं होतं.

त्या स्वस्त एस्टिमेटच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, अर्थिंग वेगळं. मी ती ओळ खोडली. होय, मीच. मनात म्हटलं, पुढे बघू, गृहप्रवेश झाला की करून घेऊ. आणि आमच्या खात्याची सवय अशी की कागदावर खाडाखोड केली की शेजारी पूर्ण सही ठोकायची, म्हणजे पुढे वाद नको. तशी मी त्या खोडलेल्या ओळीशेजारी माझी लांबलचक, वेलांटीदार सही केली. मग ते करायचं होतं हे विसरलो. दादाला सांगितलं, "अरे, बिल्डरनं पॅकेजमध्येच दिलंय सगळं, माझ्या हातात काही नाही." तो म्हणाला, "चालतंय ना. घर छान होऊ दे." बिल्डर वगैरे कुणी नव्हता. गवंडी मीच लावला होता आणि दादाला ते दिसत होतं.

वास्तुशांतीला दादा सगळ्यांत आधी आला. नवा सदरा, हातात पेढे आणि काखेत ती मळकी पिशवी. जेवणं व्हायची होती, माझे सासरचे हॉलमध्ये बसलेले, आणि हा पिशवीतून एक दिवा काढून खोल्याखोल्यांतून हिंडायला लागला. साधा बल्ब, त्याला दोन वायरी. त्या प्लगमध्ये खुपसायच्या, दिवा लागतो का बघायचं. खालच्या दोन भोकांत लागायचा, वरच्या मोठ्या, हिरव्या वायरीच्या भोकात एक वायर घातली की लागायचा नाही. हॉलमध्ये आला, तिथेही तेच. माझ्या मेव्हण्यानं विचारलं, "काय झालं, दिवा का नाही लागत?" दादा काही बोलायच्या आत मी पुढे झालो. मला वाटलं, काम मिळालं नाही म्हणून हा माझ्या पाहुण्यांसमोर दुसऱ्याचं काम नासकं ठरवतोय. मी मोठ्यानं म्हटलं, "दादा, आजच्या दिवस तरी दुकान बंद ठेव की. काम दिलं नाही म्हणून काय झालं?"

म्हणजे बिल्डरचं खोटंही मीच उघडं पाडलं. दादानं वायरी काढल्या, बोटांभोवती गुंडाळल्या, दिवा पिशवीत ठेवला. मग सुमनकडे बघून म्हणाला, "जिलेबी आहे म्हणे? लवकर वाढा, म्हातारं माणूस आहे मी." दोनदा मागून घेतली. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. मला त्या हाताचं वजन अजून आठवतं... आणि हेही आठवतं की मला हायसं वाटलं होतं. सुटलो, काही बोलला नाही.

पुढची आठ वर्षं तो येतच राहिला. महिन्यातून एक रविवार जेवायला. जेवून हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात जायचा आणि बराच वेळ तिथल्या कढीपत्त्यापाशी उभा राहायचा. हा कढीपत्ता सुमननं नव्या घरात लावलेला. येताना शालूवहिनीसाठी चार काड्या खुडून आणायचा. मला वाटायचं वय झालं, झाडापेडांचा नाद लागला. तसाच सुमनचा एक नाद. कढीपत्त्याच्या बुडाशी जमिनीतून एक पाइप वर आलेला, त्यावर नरसाळ्यासारखं तोंड. दर रविवारी, उन्हाळ्यात तर दोनदा, ती त्या पाइपात बादलीभर पाणी ओतायची. मी विचारलं तर म्हणाली, "मुळांना खोल पाणी जावं लागतं." मला झाडांतलं काही कळत नाही. मी त्याचं नाव ठेवलं होतं सुमनचा जलाभिषेक. पाहुण्यांना दाखवून हसायचो. दादासमोरही हसलोय. तोही हसला होता.

दोन वर्षांपूर्वी आमचा गीझर गेला. ईशा आत अंघोळ करत होती. बोर्डातलं बटण खटकन पडलं, घरातली लाइट गेली आणि ईशा आतून ओरडली, "बाबा, साबण लावलाय हो, पाणी गार झालं!" मिस्त्रीनं येऊन गीझर उघडला, आतली कॉइल फुटून टाकीला चिकटली होती. बदलला, संपलं. त्या रविवारी दादाला मी छाती फुगवून सांगितलं, "बघ, तुला त्या कॉन्ट्रॅक्टरचं काम पसंत नव्हतं ना? गीझर फुटला तरी काही झालं नाही. खटकन बंद!" दादाचा घास हातात राहिला होता. त्यानं ईशाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला, "चांगलं काम आहे." आणि तेव्हापासून ते फोन सुरू झाले, गीझर बंद केलास का. मला ती कटकट वाटायची.

तेराव्याच्या दिवशी गौलीगुड्यात गर्दी होती. ज्यांच्या घरांत तो कोपरं लावायला सांगून फुल्या मारून गेला होता ती माणसं कुठून कुठून आली होती. जेवणं झाल्यावर मी आणि युसूफभाई जिन्याच्या पायरीवर बसलो. शालूवहिनी दारात. काहीतरी बोलायचं म्हणून युसूफभाई म्हणाला, "भाई के साथ कित्ते गड्ढे खोदा मैं साब, गिनती नै. मगर आपके घर का नै भूलता. क्या पत्थर था वहाँ! दो दिन लगे."

मी म्हटलं, "माझ्या घरचा? कसला खड्डा?"

त्यानं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "सांगा आता युसूफभाई. ज्यांना लपवायचं होतं ते गेले."

मग त्यानं सांगितलं. माझ्या घराचं काम चालू असताना दादा आणि तो ट्रूप बाजारात वायर घ्यायला गेले होते. तिथल्या दुकानात माझा तो स्वस्त कॉन्ट्रॅक्टर एस्टिमेटचा कागद काउंटरवर पसरून मालाची यादी काढत होता. दादानं सहज नजर टाकली. खोडलेली ओळ दिसली आणि शेजारी सही दिसली. "भाई बाहर आ के दो चाय पिए. फिर हँसे. बोले, 'सही देखा युसूफ? कित्ती सुंदर करा मध्या.'"

म्हणजे बिल्डरचं खोटं मी उघडं पाडायच्या आधीच त्याला सगळं माहीत होतं. वास्तुशांतीला तो दिवा घेऊन आला होता ते कुणाचं काम नासकं ठरवायला नव्हे. खोडलेली ओळ पुढे कुणी भरून काढली का, एवढंच त्याला बघायचं होतं. "हरी वायर सब प्लगों में थी साब," युसूफभाई म्हणाला, "मगर मेन बोर्ड के पीछे बस लपेट के रख दिए थे. जमीन तक गईच नै." वास्तुशांतीनंतर आठवडाभरात मी ऑडिटसाठी वरंगळला दोन दिवस गेलो, आणि दादा आणि युसूफभाई पहार-कुदळ घेऊन माझ्या अंगणात. मीठ बेगम बाजारातून, कोळसा कुठल्याशा इस्त्रीवाल्याकडून. दोघांचीही वयं तेव्हा साठीकडे झुकलेली. खडक फोडून, पाइप पुरून, ती गुंडाळून ठेवलेली हिरवी वायर त्यांनी जमिनीत नेली.

मी कधी उठलो, गाडी कशी चालवली, आठवत नाही. डोक्यात फक्त ईशाचा आवाज, "बाबा, साबण लावलाय हो." तो खड्डा नसता तर... हे वाक्य मी अजून पूर्ण करू शकलेलो नाही. इथेही करत नाही. घरी आलो, सुमन ओट्यापाशी होती. मी नुसतं म्हटलं, "कढीपत्ता." तिनं माझ्याकडे बघितलं आणि गॅस बंद केला.

"भाऊजींनी शपथ घातली होती," ती म्हणाली. "झाड त्यांनीच आणलं होतं, पाइप झाकायला. म्हणाले, मध्याला कळलं तर त्याला लाज वाटेल. मग तो मला टाळेल. रविवारचं जेवण जाईल माझं."

"आणि तू आठ वर्षं..."

"गीझरच्या वेळी मी सांगणार होते. तुम्ही त्यांच्यासमोर त्या कॉन्ट्रॅक्टरची तारीफ करत होता, मला ऐकवेना. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी हात जोडले हो माझ्यापुढे. म्हणाले, सुमन, पोरगी वाचली ना? मग त्याचंच काम चांगलं असू दे."

आठ वर्षं मी एक माफी खिशात घालून फिरत होतो आणि मोठ्या मनानं ती कधीतरी देणार होतो. ज्याला द्यायची, त्याला ती नको होती. त्याला महिन्यातून एक रविवार हवा होता, आणि तो राहावा म्हणून त्यानं माझा खोटेपणा माझ्यापासूनच झाकून ठेवला. तो माझ्या ताटापाशी बसून मी काय आहे ते सगळं जाणत होता आणि अजून थोडी आमटी मागत होता. मला रडूही आलं नाही. मेन बोर्डावर हात ठेवून उभा राहिलो, बस.

फोनमध्ये त्याचं नाव अजून आहे. काढवत नाही. सकाळी साडेअकरा वाजले की हात आपोआप खिशाकडे जातो, आणि आता मी कापणार नाही म्हटलं तरी काय उपयोग. तार्नाक्याच्या त्या फ्लॅटमध्ये युसूफभाईनं काम पुढे सुरू केलंय. दुसऱ्या खोलीतल्या तीन फुल्या दादाच्या आहेत, त्या तशाच घेतल्या म्हणाला, उरलेल्या त्यानं घरच्या बाईंना हात करायला लावून केल्या. भाव दादाचाच ठेवलाय. ओळ लिहिलेली नाही.

परवा रविवार होता. दुपारची उन्हं अजून उतरायची होती, अंगण तापलेलं. सुमन बादली भरायला लागली तेव्हा मी म्हटलं, "मी करतो." तिनं दादाची पद्धत सांगितली : खड्डा कोरडा पडला की करंटची वाट बंद, म्हणून पाणी हळूहळू ओतायचं, जमीन पीत असेल तोवर ओतत राहायचं. पाइपाच्या तोंडाशी पाणी थांबलं की पुरे. मी पहिली बादली ओतली. गट् गट् करत खाली गेली. दुसरी ओतली. तीही गेली. नळावर तिसरी भरून आणली, कढीपत्त्याचा वास येत होता, आणि ओतताना वाकून बघत राहिलो.

आतून सुमननं विचारलं, "थांबलं का हो?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही थांबलं."